सामान्य वापरकर्ता

४ फेब्रुवारी

बाईसाहेबांस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची हाताला सवय आहे. या वेळी हात आवरला.

तुझा पत्ता तुझ्या मामाने दिला. द्यायला तयार नव्हता. "भावोजी, तुम्हाला देऊ नको, असं तिने बजावून सांगितलंय," असं माझ्या तोंडावर म्हणाला. मग माझ्याच घरचा चहा प्यायला आणि देऊन गेला. फोन नंबर मात्र दिला नाही. म्हणून हे पत्र.

मुद्द्यावर येतो. कॉम्प्युटर. आपल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधले बाकीचे विकले गेले, हा एकच उरला, कारण कोणी घेईना. घेणार कसं? तू त्यातलं सगळं पुसून ते लिनक्स घातलंस आणि निघून गेलीस. घर रंगवून द्यावं आणि आत बसायला साधी खुर्ची ठेवू नये, तसा प्रकार. ऑफिस नाही, म्हणजे पत्र लिहायची सोय नाही, तक्ता नाही, काही नाही. मी इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी आहे. मला नोटिसा टाइप कराव्या लागतात.

मी हातपाय हलवले नाहीत असं समजू नकोस. चौकातल्या दुकानातून ऑफिसची सीडी आणली. घातली. फाइल दिसते, पण तिच्यावर दाबलं की कॉम्प्युटर मलाच विचारतो, ही कशाने उघडू? दुकानदाराकडे परत गेलो. तो म्हणाला, "काका, ही लिनक्सवर चालत नाही. तुमच्याकडे हे घातलं कोणी?" मी म्हटलं, "आहे एक शहाणी."

त्यानेच सांगितलं की तुमच्यासाठी फुकटचं ऑफिस मिळतं, लिब्रे ऑफिस, नेटवरून उतरवून घ्या. उतरवलं. ते उघडेना. नंतर कळलं की लिनक्सच्याही जाती असतात आणि एकीचा गठ्ठा, म्हणजे पॅकेज, दुसरीला चालत नाही. माणसांनी सोडलेल्या गोष्टी यंत्रांनी धरल्या. योग्य तो गठ्ठा उतरवला, सोडवला, नेटवर लिहिलेली आज्ञा त्या काळ्या चौकटीत अक्षर न अक्षर टाइप केली. टायपिंग मला शिकवायला नको. तर इंग्रजीत उत्तर आलं की तुमचं नाव अधिकार असलेल्यांमध्ये नाही आणि या घटनेची तक्रार करण्यात येईल.

कोणाकडे तक्रार? माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या विजेवर चालणाऱ्या यंत्राची ही हिंमत. दुकानदार हसला. म्हणाला, "काका, तुम्ही साधे वापरकर्ते आहात. मालकी दुसऱ्या नावावर आहे." म्हणजे तुझ्या. जी इथे राहतही नाही, तिच्या.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. तुझा पासवर्ड कळव. पुढचं मी बघतो.

— घरमालक

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. नोटिसांचं खोटं आहे. नोटिसा मी जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहितो आणि लोकांना तेवढ्या पुरतात.

तुझ्या आईला थंडीत झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं गेलं. मामाला मी शपथ घातली होती म्हणून त्याने तुला सांगितलं नाही. समजतं तिला सगळं. डॉक्टर म्हणतात की शब्द डोक्यात शाबूत आहेत, फक्त जीभ वळत नाही. डाव्या हातात पेन दिलं तर रेघोट्या उठतात, मग ती पेन फेकते. जिभेचे व्यायाम घ्यायला एक ताई येतात. त्यांनी आम्हा दोघांचा धंदा विचारला आणि म्हणाल्या, "मग टाइप करू द्या ना! मोठ्या अक्षरात, एका हाताने. शब्द अर्धा लिहिला की पुढचा आपोआप येईल असं काहीतरी घाला." ते या ऑफिसमध्ये येतं म्हणतात.

तिला काहीतरी सांगायचंय. दिवसभर माझ्याकडे बघत असते.

हे वाचून धावत येऊ नकोस. या घरातून तू गेलीस. तुला परत बोलवायचं की नाही ते आता तुझ्या आईने ठरवायचं आणि टाइप करून सांगायचं. तिने बोलावलं तर दार उघडं आहे. मी बोलावणार नाही.

२० फेब्रुवारी

बाईसाहेब,

तुझं उत्तर पोचलं. त्याला पत्र म्हणवत नाही. वर 'बाबा' नाही, खाली नाव नाही, छापील कागदावर पायरी पहिली, पायरी दुसरी. मिक्सरबरोबर येतो तसा कागद. हाताने लिहिलेली ओळ एकच, अगदी तळाला: 'मी येऊ का?' याचं उत्तर मागच्या पत्रात आहे. पुन्हा वाच.

पासवर्ड पाहिला. 'चालती हो.' इंग्रजी अक्षरांत, सलग.

म्हणजे त्या संध्याकाळी मी तसं बोललो तेव्हा तू आत गेलीस ती बॅग भरायला, असं मला वाटलं होतं. तू आधी कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलीस. माझा शब्द कुलपात घालून ठेवलास, म्हणजे कधीतरी मला कुलूप उघडायचं झालं तर तोच हातात यावा. हिशेबी आहेस. माझ्यावर गेलीस.

बोललो ते बोललो, मी ते परत घेत नाही. भरल्या वर्गात उभी राहून कोण म्हणालं होतं की, 'बाबा, हे चोरीचं सॉफ्टवेअर आहे, तुम्ही यांना चोरीवर शिकवताय'? सगळ्या शहरात तेच चालत होतं. त्याच इन्स्टिट्यूटच्या फीमधून तुझं कॉलेज झालं, तेव्हा ती फी तुला टोचली नाही. तू पुसलंस एकच मशीन, पण पुढच्या बॅचला चार टाळकीसुद्धा आली नाहीत. एका पोरीच्या वडिलांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "मास्तर, तुमचं सर्टिफिकेट तरी खरं का?" मी आयुष्यभर लोकांची बोटं सरळ केली आणि हे ऐकलं. तुझं तत्त्व फार स्वच्छ आहे. त्याची किंमत दुसऱ्याने मोजली म्हणून स्वच्छ राहिलंय.

असो. कामाचं लिहितो. तुझ्या नावाने आत गेलो, आज्ञा लिहिली, यंत्राने पासवर्ड मागितला. टाइप करायला लागलो तर पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही. मला वाटलं, कीबोर्ड गेला. उपसून उलटा केला, झटकला, त्यातून इन्स्टिट्यूटच्या काळातला कचरा पडला. पुन्हा जोडला, पुन्हा तेच. दाबलेलं अक्षर उमटलं की नाही हे बघण्यात माझी हयात गेली आणि इथे म्हणे न उमटणं हेच बरोबर. तुझ्या कागदावर ते बारीक अक्षरात होतं: 'दिसणार नाही, टाइप करत राहा.' मी ते नंतर वाचलं. नाचता येईना अंगण वाकडे असं तू म्हणशील, म्हणून मीच म्हणून ठेवतो.

तोवर मी तो शब्द अनेकदा टाइप केला होता. बोटांबरोबर तोंडानेही म्हणत असणार, शिकवताना लागलेली सवय. तुझी आई मागे खुर्चीत होती. मी वळून पाहिलं तर ती माझ्याकडे बघत होती. मग तिने तोंड खिडकीकडे केलं आणि जेवायच्या वेळेपर्यंत तिकडेच ठेवलं.

शेवटी घेतला यंत्राने पासवर्ड. भराभर ओळी धावल्या, थांबल्या. पुढच्या पायरीप्रमाणे आपल्या भाषेचा गठ्ठा वेगळा घातला. आता वरचे शब्द आपल्या लिपीत दिसतात. पांढरं पान उघडलं. बरं दिसतं. विकतच्यासारखंच आहे, काय वेगळं आहे म्हणून एवढा तमाशा केलास ते मला अजून कळलेलं नाही.

आईला अजून बसवलेलं नाही. आधी सगळी व्यवस्था लावतो.

— मास्तर

३ मार्च

बाईसाहेब,

तुझ्या दुसऱ्या कागदाप्रमाणे अक्षर मोठं केलं. इतकं मोठं की पानावर चारच शब्द मावतात. लघुरूपांची सोय मला आवडली, हे मान्य करतो. दोन अक्षरं टाइप करून जागा सोडली की अख्खं वाक्य उमटतं. हे आमच्या वेळी मशीनवर असतं तर मी निम्म्या कचेऱ्या एकट्याने चालवल्या असत्या. दोन दुपारी बसून तिला लागतील ती सगळी वाक्यं घालून ठेवली. 'पा' म्हणजे मला पाणी हवं. 'उ' आणि 'श' म्हणजे उशी नीट करा. दिवा लावा, दिवा बंद करा, दुखतंय, दुखत नाही, औषध घेतलं, झोपायचंय. काही सुटलं असेल असं वाटत नाही. तिला विचारायचं राहिलं, पण इतकी वर्षं एकत्र काढल्यावर काय विचारायचं.

अडचण बोटांची आहे. तुला कीबोर्ड आठवत असेल तर कळेल. काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या डाव्या हाताला, आणि व्यंजनं बहुतेक उजव्या. डाव्या हाताच्या वाट्याला खालच्या ओळीतले म, न आणि व एवढेच. तिचा जो हात शिल्लक आहे त्याला नुसत्या मात्रा येतात. बाकी अक्षरं त्याने कधी शिवलेलीच नाहीत. तो हात उजवीकडे जातो आणि परक्याच्या घरात शिरल्यासारखा थबकतो. तिचा वेग माझ्यापेक्षा जास्त होता हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी तिने 'मम मम वन' असं काहीतरी टाइप केलं. मी म्हटलं, हा काय पोरखेळ? नीट बस, मनगट उचल, बघून टाइप करू नको. बघून टाइप करणाऱ्याला मी कधी पास केलेलं नाही. लाकडी पट्टी जवळच होती. मी ती टेबलावर आपटली. तिच्या बोटांवर नाही, टेबलावर. शिकवताना आपटतोच मी. व्यायामाच्या ताई नेमक्या तेव्हा आल्या आणि म्हणाल्या, "काका, त्या तुमच्या विद्यार्थिनी नाहीत." मी म्हटलं, "माझ्याच हाताखाली शिकली आहे, ताई. लग्न नंतर झालं."

आणि हे तुला हवं होतं ना, ते. मी काल तिला सरळ विचारलं, "मुलीला इकडे बोलावू का?" तिने मान हलवली. नाही म्हणून. मी पुन्हा विचारलं, कारण मी खोटेपणा करणारा माणूस नाही. पुन्हा नाही. स्पष्ट, दोन्ही बाजूंना.

तेव्हा आता कळलं असेल. मीच एकटा खलनायक आहे असं तुझं आणि मामाचं ठरलेलं होतं. आईलाही तू नको आहेस. मला याचं वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर तेव्हा वाटलं नाही. आज सकाळी थोडं वाटलं.

— मास्तर

११ मार्च

तुझी चिठ्ठी मिळाली. एवढं लांब पाकीट आणि आत एक प्रश्न: 'तुम्ही आईवर ओरडता का?'

ओरडत नाही. माझा आवाजच तसा आहे. वर्गात एकाच वेळी सगळी मशिनं खडखडत असताना शेवटच्या बाकापर्यंत पोचायला लागायचा, तो आता आत कसा घालू? तिला भरवतो मी, आंघोळ घालतो मी, कूस बदलतो मी. तुझ्या मामाने एक दिवस करून बघावं. भरवताना ती तोंड मिटून घेते तेव्हा माणूस काय करणार, गाणं म्हणणार? एकदा वाटी आपटली. जमिनीवर सांडली, तिच्या अंगावर नाही. लगेच पुसलं मी.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. पुढची चिठ्ठी पाठवायची तर कॉम्प्युटरबद्दल पाठव.

रोज थोडा वेळ बसते ती. ताई म्हणतात की मी बाहेरच्या खोलीत बसावं. मी दाराशी बसतो. माझी लघुरूपं ती वापरत नाही. पाणी हवं असलं तरी पेल्याकडे बोट दाखवते आणि कीबोर्डवर दुसरंच काहीतरी शोधत असते. त, क, ड, ज. एकेक अक्षर सापडलं की ते ओळभर दाबून बघते आणि पुसते. कशाची तयारी चाललीय कळत नाही. विचारलं तर हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवते.

२३ मार्च

चि. मुलीस,

हे लिहायला बसून बराच वेळ झाला. दोन कागद फाडले.

काल दुपारी ताई येऊन गेल्यावर तुझ्या आईने मला हात केला. मी जवळ गेलो. तिने शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं, म्हणजे बसा. बसलो. पट्टी मी हल्ली कपाटात ठेवतो, हे तुझ्या माहितीसाठी.

तिने 'मला' टाइप केलं. ते पटकन आलं. मग हात उजवीकडे गेला. त सापडला, वेलांटी, च, य. मध्येच तिच्या हातून माझं लघुरूप लागलं आणि 'मला पाणी हवं' असं ठसठशीत उमटलं. मी उठलो पाणी आणायला. तिने टेबलावर थाप मारली. बसलो. तिने ते सगळं पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी घड्याळाकडे बघितलं नाही. तोंडातून शब्द काढला नाही. मला ते किती जड गेलं हे तुला नाही कळणार.

पानावर आलं: 'मला तिच्याकडे जायचंय.'

मला वाटलं, चुकलं. तुझं नाव निघालं याचाच मला आनंद झाला, हसू नकोस. म्हटलं, हिला तुला बोलवायचंय आणि शब्द उलटे पडलेत. मी म्हणालो, "थांब, नीट करून देतो." तिचं वाक्य पुसलं आणि माझ्या हाताने लिहिलं: 'तिला इकडे बोलवा.' शिकवणाऱ्याची खोड. चूक दिसली की हात थांबत नाही.

तिने पुसायची कळ दाबली आणि धरून ठेवली. माझं वाक्य मागून खात खात संपलं, तरी तिने बोट उचललं नाही. मग पुन्हा एकेक अक्षर शोधत तेच लिहिलं. मला तिच्याकडे जायचंय. या वेळी शेवटी टिंबही दिलं.

मग मला ते मान हलवणं कळलं. मी विचारलं होतं, तिला इकडे बोलावू का. ती नाही म्हणाली होती. इकडे नको म्हणाली होती. आणि मी ते तुला चवीने लिहून कळवलं.

मी विचारलं, "का? इथे काय कमी आहे? मी सगळं करतो ना?" आवाज चढला असेल, लक्षात नाही. तिने माझ्याकडे बघितलं. चिडलेली नव्हती. तिने पुढच्या ओळीवर टाइप करायला घेतलं आणि खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरेपर्यंत करत होती.

'मी आधीपण गप्पच होते.'

एवढंच. मी ते वाचलं आणि शुद्धलेखन तपासावं तसं पुन्हा वाचलं. चूक नव्हती. तू गेलीस त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटत होतं की ती माझ्या बाजूने उभी आहे, कारण ती काही बोलली नाही.

आता व्यवस्थेचं. तुझं घर कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, ते कळव. खुर्चीचं चाक दारातून जायला हवं. औषधं सकाळची आणि रात्रीची वेगळ्या डब्यांत घालून देतो. गोळी पाण्याबरोबर ठसकते, कुस्करून चमच्याने द्यायची. डाव्या कुशीवर जास्त वेळ झोपली की खांदा धरतो. न्हाताना पाणी आधी पायावर घाल, एकदम डोक्यावर नको, दचकते. कॉम्प्युटर तिच्याबरोबर पाठवतो. माझी लघुरूपं काढून टाकलीत, मध्ये यायची. तुझी आई तुझ्याच नावाने आत जाते. मी तिला वेगळं नाव काढून देतो म्हटलं तर नको म्हणाली. पासवर्ड मात्र मी काल बदलला. नवा कागदावर लिहून तिच्या पिशवीत ठेवलाय. कसा बदलायचा ते तुझ्या कागदावर नव्हतं, माझं मी शोधलं.

काल तिचं टाइप करणं संपल्यावर मी तसाच बसलो होतो. पान पुढ्यात होतं. मी तिला म्हटलं, "आणि मी?"

तिला उत्तर द्यायला वेळ लागला. अक्षरं शोधण्यात नाही, ती आता तिला बरीच सापडतात. ती हात मांडीवर ठेवूनच बसली होती. मग टाइप केलं: 'विचारून बघा तिला.'

मी विचारत नाहीये. तिने सांगितलं ते तुला कळवलं, इतकंच.

— बाबा